पाणी जातं कुठे? गाडीचे प्रश्न, वाचकांना उत्तरं

इंजिन तापण्याबद्दलची पाच पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी डिझेल गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. आठ-दहा दिवसांत अर्धा लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. साखरप्याकडून आंबा घाट चढताना काटा तांबड्याकडे सरकतो. मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) बदलला, मग रेडिएटरचं टोपण, मग अख्खा रेडिएटर. फरक शून्य. आता तो हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडू म्हणतो. उघडू द्यावं का? — एक वाचक, देवरुख

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या गाडीत आधी पाणी जातं आणि मग ती तापते. थर्मोस्टॅट अडकला तर गाडी तापते खरी, पण पाणी उकळून बाटलीतून उसळल्याशिवाय कमी होत नाही. म्हणजे तो खर्च पहिल्याच दिवशी टाळता आला असता.

थेंब दिसत नाही म्हणून गळती नाही असं धरू नका. बारीक धार तापलेल्या ब्लॉकवर पडली की जमिनीवर यायच्या आतच तिची वाफ होते. मागे उरते ती वाळलेल्या कूलंटची खपली, मिठागराच्या वाफ्याच्या कडेला धरते तशी, पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची. गार इंजिनवर टॉर्च घेऊन ती शोधा. पहिली जागा वॉटर पंप. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. काही जण तिथे लांबी भरून गळती ‘बंद’ करतात. मग बेअरिंग जातं, आणि पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर पाठोपाठ बेल्टही. दुसरी जागा म्हणजे रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी अॅल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून बसवलेली असते ती कड. नवा रेडिएटरही इथे गळू शकतो. तिसरी, हीटरचे दोन होज, म्हणजे रबरी नळ्या. डाव्या सीटपुढची मॅट ओली, काचेच्या आतून चिकट धुकं आणि गोडूस वास असेल तर हीटरची जाळी फुटली आहे. एसीचं पाणीही कधी आत येतं, पण ते बोटांना बुळबुळीत लागत नाही. चव मात्र घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

यातून काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. टोपणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर लावून टोपणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार असतो. १५ मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय.

आत जायला दोन मुख्य वाटा, आणि डिझेल गाडीत हेडच्या आधी ईजीआर कूलर बघायचा. हा क्रम बरेच जण उलटा करतात आणि गिऱ्हाइकाला हेडचा खर्च पडतो. एक्झॉस्टचा काही वायू गार करून परत इंजिनात सोडायचा, हे या कूलरचं काम, आणि गार करायला वापरतात ते तुमचंच कूलंट. आतली नळी तडकली की कूलंट त्या वायूबरोबर जळून सायलेन्सरमधून निघून जातं. कूलरच्या पुढचा पाईप सोडून पाहा. काजळी कोरडी असली पाहिजे. ती ओली, चिकट किंवा पांढऱ्या डागांची असेल तर कूलर काढा, पाण्याच्या वाटांपैकी एक बंद करून दुसरीतून सुमारे १ बार हवा भरा आणि बादलीत बुडवा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच, बुडबुडे आले की निकाल लागला. मात्र काही कूलर तापल्यावरच गळतात, म्हणून बादलीत गरम पाणी घ्या.

कूलर ठणठणीत निघाला तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. रात्रभर गार झालेली गाडी चालू करून मिनिट-दीड मिनिटात रेडिएटरचा वरचा होज दाबा. पाणी कोमटही झालेलं नसताना होज दगडासारखा ताठ झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. त्यात जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा किंवा हिरवट होतो. आधी पाण्याची पातळी थोडी उतरवावी लागते, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जातं. ही टेस्ट सकारात्मक आली तरच हेड उघडू द्या, आणि उघडल्यावर सरळ पट्टी व फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेडचा बाक मोजल्याशिवाय नवीन गॅस्केट टाकू देऊ नका.

तोवर एक जपा. सकाळी स्टार्टर मारताच इंजिन ठक्कन अडलं तर पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून कणकवलीला येताना माणगावच्या रांगेत पेट्रोल गाडीचा काटा चढला. रस्ता मोकळा झाल्यावर दहा मिनिटांत खाली आला. पाणी बरोबर होतं. — एक वाचक, कणकवली

उत्तर : उभी असताना तापते आणि पळताना गार होते, म्हणजे पंखा. (उलट असतं, म्हणजे रांगेत ठीक आणि हायवेला तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पंप पाणी ढकलत नाही असं समजलो असतो.) इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच) बघा. रिले शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून तपासता येतो. मग इंजिन बंद करून पंख्याचं कनेक्टर सोडा आणि मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या, हात लांब ठेवून. मोटर फिरली तर दोष वायरिंगचा. खाऱ्या वाऱ्यात आपल्याकडे कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने लागते तिथे गंज येतो. दोन्ही घासून साफ करा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. पंखा फिरतोय पण मंद, तर मोटरचे ब्रश झिजलेत.

पंखा ठीक असेल तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि फटीत मात्र तांबडी माती नि वाळकी पानं पावसात भिजून थापटलेली असतात. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा नको, अॅल्युमिनियमच्या पात्या आडव्या पडतात.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे. तेच रेडिएटरमध्ये घातलं तर काय बिघडतं? कूलंट हिरवं घ्यावं की गुलाबी? — एक वाचक, मालवण

उत्तर : पिण्याला गोडं म्हणजे क्षारविरहित नव्हे. किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्याअखेर थोडंफार खारं पाणी मिसळू शकतं. त्यातला क्लोराइड अॅल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो, आणि इतर क्षार गरम भागावर, म्हणजे नेमके हेडमध्ये, थर धरतात. वाटेत अडकलात तर विहिरीचं पाणी घालून घरी या, त्यात काही पाप नाही. पण त्याच आठवड्यात सगळं काढून टाका.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असंही तुम्ही विचारलं आहे. गंजरोधक द्रव्य आणि उकळबिंदू, ही दोन कारणं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, अर्धं-अर्धं मिश्रण साधारण १०७ ला, आणि तेच १ बारच्या टोपणाखाली सव्वाशेच्या पुढे. म्हणूनच टोपणाचं रबर चिरलं की चांगलं कूलंटही घाटात उकळतं. निव्वळ कूलंट भरलं तर आणखी बरं, असं मात्र नाही. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

रंगाला काही अर्थ नाही, तो कंपनीगणिक बदलतो. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. ६ लिटरची यंत्रणा असेल तर ३ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि ३ लिटर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. जुनं काढल्यावर ६ लिटर आत गेलंच नाही, साडेचारच गेलं, तर दीड लिटर जुनं पाणी ब्लॉकमध्ये आहे किंवा हवा अडकली आहे. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर लावा, हवेचा स्क्रू असेल तो सैल करा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत टोपण न लावता पातळी भरत राहा. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, गोडूस वासाने कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

प्रश्न : आंब्याच्या पेट्या भरून पिकअप कराडला नेतो. कुंभार्ली घाटात पाणी उकळलं तर नेमकं काय करावं? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : काटा चढू लागताच एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर जोरात. केबिनमध्ये भट्टी होईल, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. वरच्या गिअरमध्ये रेटू नका. खालच्या गिअरमध्ये पंप आणि बेल्टवरचा पंखा जास्त फेरे घेतात. तरीही काटा तांबड्यात गेला तर बाजूला घ्या. वाफ किंवा धार नसेल तर दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. वाफ किंवा धार असेल तर तत्काळ बंद. टोपण ४५ मिनिटं उघडायचं नाही, आणि गार पाणी तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरमध्ये ओतायचं नाही, हेड तडकतं.

एक फसवणूक लक्षात असू द्या. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा अचानक खाली येतो. चढावर कारण नसताना काटा उतरला, तर ‘गार झाली’ म्हणून पुढे जाऊ नका.

पिकअपला व्हिस्कस पंखा (मधल्या डबीतल्या घट्ट तेलाच्या जोरावर फिरणारा) असेल तर मधल्या डबीभोवती तेलाचा ओघळ दिसतो का पाहा. गाडी गरम असताना, इंजिन बंद करून, पंखा हाताने फिरवा. तो भिरभिरत राहिला तर डबी संपली.

प्रश्न : ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं पांढरं जमलंय. हेड गॅस्केट उडालं का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल नेहमीसारखं असेल, तर बहुधा नाही. पावसाळ्यात दमट हवा आणि बाजारापुरत्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन पुरतं तापतच नाही आणि ओल झाकणाखाली धरते. झाकण पुसा आणि गाडी सलग ४० किलोमीटर चालवून आणा. डिपस्टिकवरही दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर मात्र गाडी चालू न करता टोचन करून (दुसऱ्या गाडीने ओढून) न्या.