पहिल्या चढाईत शिखर गाठता आलं नाही, तरी पुन्हा जावंसं वाटतंय. गिर्यारोहण माझ्यासाठी आहे का? सुरुवात कशी करू?

पुन्हा जावंसं वाटतंय ना? मग आहे तुमच्यासाठी. उत्तर इथेच संपलं असतं, पण ‘शिखर गाठता आलं नाही’ हे वाचलं आणि मला राहवेना.

माझी पहिली चढाई वयाच्या 42व्या वर्षी. धाकटे दीर पुष्कळ वर्षं डोंगर चढतात, त्यांच्याच ग्रुपबरोबर गेले. “वहिनी, दोन तासांत वर!” नऊला पायथा सोडला. वाट सहा किलोमीटर, चढ 900 मीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्येच हिशेब घालून दिलाय: पाच किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाला आणखी एक. म्हणजे 2 तास 42 मिनिटं, तीही कुठे न टेकता, सवयीच्या माणसाला. हे तेव्हा माहीत असतं तर भावजींना पायथ्याशीच ऐकवलं असतं.

मी सगळ्यांच्या मागे. पुढे गेलेले लोक दहा मिनिटं निवांत बसलेले असायचे, मी धापा टाकत पोचले की उठायचे. “चला, आल्या वहिनी!” जिला विश्रांती हवी, तिच्या वाट्याला ती कधी येतच नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. हे ज्याला जमत नाही त्याने खुशाल एकटं फिरावं, म्होरकेपणा करू नये.

मग एक रॉक पॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळाचा टप्पा आला, दोन पुरुष उंच. दोर लावलेला होता. दोन हात, दोन पाय, त्यातले तीन कायम टेकलेले हवेत, हलवायचा एकच, एवढी सूचना मिळाली. डाव्या हाताला खोबण सापडली, बोटं आत बसली आणि सकाळपासून डोक्यात चाललेली कुरकुर बंद पडली. घर नाही, गुडघे नाहीत, भावजी तर नाहीतच. फक्त पुढची खोबण. वर पोचले तेव्हा हात थरथरत होते आणि मी हसत होते, का ते मलाच कळेना. वेड लागलं ते तिथे. शिखर अजून बरंच वर होतं.

ते मी त्या दिवशी पाहिलंच नाही. जेमतेम 100 मीटर उरले होते, पण ढग उतरायला लागले, पाय लटपटत होते आणि तो पॅच उजेडातच उतरायचा होता. ग्रुपमधली एक मुलगी आणि मी मागे फिरलो. बाकीचे वर गेले. उतरताना घसाऱ्यावर भावजींचाच पाय मुरगळला, आणि मंडळी मोबाइलच्या उजेडात रात्री साडेआठला खाली आली. तरी आजही घरात चार माणसं जमली की, “काय वहिनी, शिखर खालून कसं दिसतं?”

एकदा मी त्यांना हिमालयातल्या अन्नपूर्णा शिखराचं सांगितलं. 1950 मध्ये एर्झोग आणि लाशेनाल हे फ्रेंच गिर्यारोहक वर पोचले, आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणूस पहिल्यांदाच पोचला. उतरताना हिमदंश झाला आणि दोघांच्याही पायाची सगळी बोटं गेली. भावजी म्हणाले, “पण पोचले ना!” यावर काय बोलणार?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर जिने चढा, पण उतरायचाही सराव करा. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतारामुळे. बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि ती सगळ्यांदेखत मोठ्याने सांगा. जो पॅच उतरता येणार नाही तो चढू नका.

हो, आणि हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे खरं तर मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखायला लागलं तर आणखी वर जाऊ नका, वाढलं तर सरळ खाली या. तिथे जिद्द बिद्द चालत नाही.

आणि भावजी, तुम्ही हे वाचणारच. मी बारा वाजता हार मानली असं सगळ्यांना सांगत फिरता, ते बंद करा. दीड वाजला होता. त्या मुलीने फोटो काढलाय, त्यात माझं घड्याळ दिसतंय.