‘फेटल’ला ‘घातक’ कशाला?

नांदेडहून प्रश्न आलाय: गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) नवी रेपॉझिटरी, म्हणजे नोंदींचं कोठार, काढून लगेच नोंदी पाहायला गेलं की ‘फेटल’ असा संदेश येतो, मराठी टिपणात त्याला ‘घातक त्रुटी’ म्हणावं की ‘प्राणघातक त्रुटी’?

दोन्ही नको. हे ‘घातक’ ऐकून कान किटले. परभणीत एका मुलीनं माझ्यासमोर ‘गिट इनिट’ (नवी रेपॉझिटरी काढ) दिलं, लगेच ‘गिट लॉग’ (झालेल्या नोंदी दाखव) दिलं, पडद्यावर ‘फेटल’ आलं आणि तिनं घाबरून अख्खं फोल्डर उडवलं. वहीत लिहून ठेवलेलं, ‘प्राणघातक’. संदेश एवढंच सांगत होता की या ब्रँचवर (नोंदींच्या फांदीवर) अजून एकही कमिट (पक्की नोंद) नाही. गिट अशा ब्रँचला ‘अनबॉर्न’ म्हणतं, न जन्मलेली. तिचा घात कसला? ‘फेटल’ लिहून गिट ती आज्ञा तिथंच सोडतं, १२८ हा ‘काम झालं नाही’ सांगणारा कोड देऊन बाहेर पडतं. तुमच्या फाइली जागच्या जागी असतात.

आता खरी गंमत. ‘फेटल’ आला लॅटिन ‘फातुम’वरून, म्हणजे बोललं गेलेलं. देवांच्या तोंडून निघालं म्हणून मग विधिलिखित. क्रियापद ‘फारी’, बोलणे. त्याच धातूचं संस्कृत भावंड ‘भण्’, प्राकृतात ‘भणइ’, आणि मराठीत ‘म्हणणे’! म्हणजे आपल्या नरसीच्या नामदेवाचं ‘नामा म्हणे’, गंगाखेडच्या जनाबाईचं ‘जनी म्हणे’ आणि हे ‘फेटल’ एकाच कुळातले. माझं तर ठाम मत आहे की काम देखील एकच: ‘नामा म्हणे’ आलं की अभंग मिटतो, ‘फेटल’ आलं की आज्ञा मिटते. दोन्हीकडं शेवटचा बोल.

काही पंडित ‘भाषा’लाही याच कुळात बसवतात. त्यांनी आधी ‘भाष्’मधला ‘ष’ कुठून आला ते दाखवावं, मग पंगतीला यावं.

हां, तुमचं टिपण. मर्क्युरियल, गिटसारखंच दुसरं साधन, आज्ञा सोडताना ‘अबॉर्ट’ लिहितं, तेही नको. सरळ ‘अडलं’ लिहा: ‘अडलं: या ब्रँचवर अजून कमिट नाही.’ घोडं कुठं अडलं, हे आपण रोज विचारतो. शिवाय गाय अडली म्हणतात ती वितानाच. न जन्मलेल्या ब्रँचला याहून नेमका शब्द मला सापडत नाही. एखादी फाइल ‘गिट ॲड’ करून पहिला कमिट द्या, ‘गिट लॉग’ लगेच बोलू लागेल.