उभं करून ठेवलेलं मिग-21 हे 1971 च्या युद्धातल्या एफएल प्रकारचं आहे की नंतरचं, हे कसं ओळखायचं?

पंखांखालचे पायलॉन, म्हणजे शस्त्रं किंवा टाक्या टांगायचे आधार, मोजा: दोन्ही पंख मिळून दोनच असतील तर एफएल, चार असतील तर एम किंवा बिस हे नंतरचे प्रकार. ओझरच्या एचएएल कारखान्यात हे तिन्ही प्रकार बनले, म्हणून नाशिककडे हा घोळ नेहमी होतो. 1971 मध्ये लढलं ते एफएल, म्हणजेच टाइप 77.

मग नाकाकडे या. पुढे आलेली लांब पिटो नळी (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी) एफएलमध्ये नाकाच्या वर अगदी मध्यरेषेवर असते, एम आणि बिसमध्ये ती वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली. खाली वाकून पोटही जरूर पाहा. एफएलमध्ये अंगची तोफ नाही. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली ती याच प्रकारानं, आणि तोफ हवी तर जीपी-9 हा वेगळा पॉड पोटाखाली टांगावा लागे. पुढच्या दोन्ही प्रकारांत 23 मिमीची दुनळी तोफ पोटातच बसवलेली आहे. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उघडी असली तर प्रश्नच मिटला: एफएलची समोरच्या काचेसकट अख्खी पुढे उचलली जाते, बाकीच्यांची उजव्या बाजूला उघडते.

मात्र रंग आणि शेपटीवरच्या क्रमांकावर विसंबू नका, प्रदर्शनासाठी ते पुन्हा रंगवलेले असतात. पिटो नळी किंवा पायलॉनही पुष्कळदा काढलेले असतात. अशा वेळी पोट आणि कॅनॉपी, एवढंच खात्रीचं.