हृदयाला पंप (एलव्हॅड) बसवलेल्या माणसाला स्ट्रोकचा धोका किती? त्याला कोकणात गावी ठेवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या हृदयाची रक्त ढकलायची ताकद पंधरा टक्क्यांवर आलीय, डॉक्टरांनी एलव्हॅड, म्हणजे हृदयाला मदत करणारा पंप, सुचवलाय, आणि घरातले दोन गोष्टींवर अडलेत. पंपाने स्ट्रोक होतो म्हणतात तो कितपत, आणि नंतर त्यांना दापोलीला घरी राहता येईल का. पंप म्हणजे काय, वायर पोटातून बाहेर का येते, हे तुम्हाला हॉस्पिटलात सांगितलेलं असणार, ते सोडून देते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: येईल. माझे यजमान जानेवारी २०२२ पासून पंपावर आहेत आणि त्यातला बहुतेक काळ गुहागर तालुक्यात आमच्या घरी आहेत. त्यांना स्ट्रोक झाला तोही याच घरात. या दोन गोष्टींची लोक एकमेकींशी गाठ मारतात, ते मला आजही सहन होत नाही. म्हणून हे उत्तर लांबेल.

पंप चेन्नईला बसला. त्यासाठी सासऱ्यांनी लावलेली हापूसची बाग विकली. मे महिन्यात घरी आणायचं ठरलं तेव्हा भावकीत, वाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, लाइट. ते साहजिकही होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते आम्ही पाहिलेलं. मग दोन इन्व्हर्टर घेतले, शेजाऱ्यांबरोबर भागीत जनरेटर घेतला, बॅटऱ्यांची जादा जोडी आणली, वायरमनला घरी बोलावून पंप दाखवला. बॅटरीची एक जोडी आमच्याकडे बारा-चौदा तास सहज जाते. रात्री माणूस भिंतीच्या लाइटवर झोपतो, सकाळी बॅटरीवर येतो. त्या अख्ख्या पावसाळ्यात लाइट असंख्य वेळा गेली, पंप एकदाही थांबला नाही. लाइटीचं आम्ही सगळं केलं. रक्तदाब कोण मोजणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

या पंपात रक्त सतत वाहतं, त्यामुळे बहुतेकांची नाडी हाताला लागत नाही. घरातलं साधं दाबाचं मशीन लावलं की ते फुगतं, सुटतं आणि एरर दाखवतं. आमच्याकडे दोन-तीनदा तसं झालं आणि मशीन कपाटात गेलं. दर महिन्याला तपासणीला जायचो तेव्हा तिथे डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, मोजायचे, तेवढंच. मधल्या दिवसांत दाब किती होता, देव जाणे. पावसाळा म्हणजे आमच्याकडे सुकट, खारवलेला बांगडा, पापड, लोणचं. मीठ कमी करा असं सांगितलेलं होतं, आणि आम्ही वरून घ्यायचं मीठ बंद केलं म्हणजे कमी केलं असं समजत होतो.

श्रावण सरता सरता ह्यांची दाढ ठणकायला लागली. माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, डोंबिवलीला असतात. त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारून फोनवर सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा, नाहीतर दाढ काढल्यावर रक्त थांबणार नाही. आम्ही बंद केल्या. दाढ निघाली. मग हिरडी भरू दे म्हणून आणखी चार दिवस. नऊ दिवस झाले. पंपाच्या कोऑर्डिनेटरचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. मी फोन केला नाही. घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं, डॉक्टरांच्या तोंडून आलेलं होतं, मी ऐकलं. ही माझी चूक आहे आणि ती मी कुणापासून लपवलेली नाही.

गौरी-गणपती जायच्या दिवशी सकाळी हे ओटीवर बसले होते. कपबशी हातातून सुटली. मला वाटलं, झोप झाली नाही, रात्री भजन होतं. समोरच्या घरातला पोरगा आरतीची फुलं घेऊन आला, तो म्हणाला, "काकी, काकांचा तोंड वाकडा का झालाय?" सगळे धावले आणि सगळ्यांनी काय पाहिलं, तर कंट्रोलर, पंप चालवणारी बाहेरची डबी. हिरवा दिवा, अलार्म नाही. भाऊजी म्हणाले, "मशीन चालू आहे ना? मग घाबरू नकोस. पित्त झालं असेल, कोकम सरबत दे." मी सरबत केलं, त्यांच्या तोंडाला लावलं, आणि ते लाल पाणी उजव्या ओठाकडून सदऱ्यावर ओघळलं. तेव्हा मला कळलं. यात अर्धा तास गेला होता. सरबत देणं तर आणखीच धोक्याचं होतं, अशा वेळी गिळता येत नाही, फुप्फुसात जाऊ शकतं. तुमच्या घरात सगळ्यांना आजच सांगून ठेवा: पंपाला स्ट्रोक कळत नाही. गुठळी मेंदूत गेली तरी दिवा हिरवाच असतो. माणसाकडे बघा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघून वेळ लिहा आणि निघा.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना नाडी सापडली नाही, दाब लागला नाही. मी पंपाचं कार्ड पुढे केलं आणि चेन्नईला फोन जोडून दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्टेथोस्कोप छातीला लावला, पंपाची घरघर ऐकली आणि निघाले. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. चिपळूणला सीटी झाला. पंप असल्यावर एमआरआय करता येत नाही, हे लक्षात ठेवा, कुणी लिहून दिला तरी करू द्यायचा नाही. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, १.३ निघाला. आम्हाला २ ते ३ मध्ये ठेवायला सांगितलेलं. दाब डॉप्लरवर ११०. तो ८५ च्या खाली हवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पंपाच्या पेशंटला फार जोखमीचं, चेन्नईशी बोलून ते न देण्याचं ठरलं. मग तारेने गुठळी काढायची. ती सोय पुण्यात मिळाली. हायवेला परतणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, म्हणून कुंभार्ली घाटाने कराडवरून गेलो. घाटात धुकं, मांडीवर बॅटरीची पिशवी, आणि हे माझ्याकडे बघतायत पण माझं नाव येत नाही.

संध्याकाळी मांडीतून तार घालून गुठळी काढली. जीव वाचला. उजवा हात आता खांद्यापर्यंत उचलतात, काठीने चालतात. बोलणं अजून तुटक आहे. तीन आठवड्यांनी पहिला धड शब्द निघाला तो "बॅटरी". संध्याकाळची बदलायची वेळ झाली होती.

आता तुमचा आकडा. चुंबकावर तरंगणाऱ्या चक्राचा नवा पंप, हार्टमेट ३, आणि त्याच्या आधीचा हार्टमेट २ यांची अमेरिकेत १,०२८ पेशंटांवर तुलना झाली. दोन वर्षांत नव्या पंपात १०० पैकी साधारण १० जणांना स्ट्रोक झाला, जुन्यात साधारण १९ जणांना. पाच वर्षं जगलेले नव्यात शंभरात ५८ च्या आसपास, जुन्यात ४४ च्या आसपास. एचव्हॅड नावाचा तिसरा एक पंप होता, त्यात मेंदूच्या घटना आणि मृत्यू जास्त दिसले, म्हणून जून २०२१ मध्ये कंपनीने त्याची विक्री जगभर थांबवली. तेव्हा "एलव्हॅडचा धोका किती" असं मोघम विचारू नका, कुठला पंप ते विचारा. आणि पंप न बसवता पंधरा टक्क्यांच्या हृदयावर पुढची दोन वर्षं कशी जातील, तेही त्याच डॉक्टरांना त्याच बैठकीत विचारा. नुसता दहाचा आकडा ऐकून घाबरलेली घरं मी पाहिली आहेत.

धोका दोन्ही बाजूंनी आहे, हे घरच्यांना उमगायला वेळ लागतो. रक्त परक्या धातूतून फिरतं, म्हणून गुठळी होऊ शकते. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय पंपातून जाताना रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन तुटतं, त्याने आतड्यातूनही रक्त जातं. दाब वाढला की रक्तस्रावाची भीती वाढतेच, पण पंपातून पुढे जाणारं रक्तही कमी होतं. म्हणून आयएनआर आणि दाब हे दोन आकडे लाइटीपेक्षा मोठे आहेत, असं मी म्हणते.

आमच्याकडे आता रोज सकाळी डॉप्लर लागतो. गरोदर बाईच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायला लावतात ना, त्याच जातीचं यंत्र, फक्त कांडी पेनासारखी. दंडाला पट्टा, कोपराच्या खळग्यात जेल, कांडी धरली की वाऱ्यासारखा आवाज येतो. पट्टा आवाज बंद होईपर्यंत फुगवायचा, हळूहळू सोडायचा, आवाज परत येतो तो आकडा वहीत. मी दहावी पास बाई आहे, पंधरा दिवसांत शिकले. आता माझी लेक आणि शेजारची जाऊ दोघींना येतं. आयएनआरचं बोटाच्या थेंबावर चालणारं मशीनही घेतलं, दर आठवड्याला बघते, पट्ट्या महाग आहेत तरी.

रानभाज्यांचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. पहिल्या पावसात टाकळा येतो, मग कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला, अळू. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं, ते वॉरफरिन, ॲसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या गोळ्यांच्या उलट काम करतं. वर्षभर पाला न खाणारा माणूस जूनमध्ये रोज टाकळा खायला लागला की आयएनआर खाली येणारच. बंद करायची गरज नाही. आठवड्यात ठरलेले दिवस, ठरलेली वाटी, आणि त्या महिन्यात तपासणी जास्त वेळा.

दुसरं म्हणजे दमट हवा. वायर बाहेर येते ती जागा घामाने ओली राहते. तिथे जंतू शिरले आणि रक्तात गेले तर मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकतात, स्ट्रोक त्यानेही होतो. ड्रेसिंगला घरात एकच माणूस ठरवा, त्यानेच हात धुऊन, मास्क लावून करायचं. समुद्रात, विहिरीवर, नदीवर आंघोळ कायमची बंद.

भाऊजी गेली कितीतरी वर्षं सगळ्या नातेवाइकांत सांगतात, "हिने हट्टाने गावाला नेलं म्हणून भावाला स्ट्रोक झाला. मुंबईत ठेवला असता तर झाला नसता." मी मोठ्यांसमोर उलट बोलत नाही, म्हणून कधी उत्तर दिलं नाही. तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने देते. गोळी गावाने बंद केली नाही. ती डोंबिवलीहून आलेल्या फोनने बंद झाली आणि मी बंद केली. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये राहिले असते तरी तोच फोन आला असता, तोच आयएनआर खाली आला असता. एका दाढेचं रक्त बोळ्याने, टाक्याने, औषधाच्या चुळीने थांबवता येतं, पुष्कळदा गोळी बंद न करताच. ते पंपाच्या टीमने ठरवायचं होतं. बाहेरच्या कुठल्याही डॉक्टराने नाही, तो कितीही ओळखीचा असो. आणि ह्यांना विचारलं होतं, कुठे राहायचं. चेन्नईच्या खोलीत ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पडवीतल्या बाकावरून गड्याला उरलेल्या कलमांना खत कसं घालायचं ते ओरडून सांगत होते. त्या आवाजासाठी मी गावाला नेलं, आणि तो आवाज गेला म्हणून मला दोष देणाऱ्यांनी गोळ्यांची वही उघडून बघावी. ती वही मी जपून ठेवली आहे.

पण भाऊजींची एक गोष्ट खरी आहे, ती न सांगणं अन्याय होईल. मुंबईत असतो तर गुठळी कितीतरी तास आधी निघाली असती. त्या तासांत हात आणि बोलणं किती गेलं, हे मला कुणी सांगू शकत नाही आणि मी विचारतही नाही. म्हणून तुम्ही दापोलीला ठेवणार असाल तर आधी ठरवा: सीटी कुठे होईल, तारेने गुठळी काढणारं हॉस्पिटल कुठलं, पावसाळ्यात कुठला घाट, गाडी कुणाची. रात्री दोन वाजता उठून येणारा ड्रायव्हर हवा. पहिले काही महिने मोठ्या शहरातच राहा, डोस बसेपर्यंत. घरात मोजणारं, लिहिणारं कुणी नसेल, दोघे म्हातारेच राहणार असतील, तर माझं "येईल" हे उत्तर तुमच्यासाठी नाही.

आणखी एक. २०२३ मध्ये अभ्यास आला की हार्टमेट ३ ला ॲस्पिरिन न देता नुसत्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळीवर रक्तस्राव कमी होतो आणि गुठळ्या वाढत नाहीत. हे वाचून स्वतः काही बंद करू नका. तो त्या एकाच पंपाचा अभ्यास आहे, आणि तुमच्या वडिलांना स्टेंट वगैरे असेल तर हिशेब वेगळा.

ह्यांचं ऑपरेशन घाईत झालं, दात बघायला वेळच मिळाला नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे. वडिलांची एखादी दाढ किडलेली असेल, हलत असेल, तर ती पंप बसायच्या आधी काढून घ्या.