आधी दहा मीटर, मग हजार यार्ड

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा, यंदा अकरावी सायन्सला. आम्ही कराडला राहतो. वर्षभर तो मोबाइलवर लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचे व्हिडिओ बघतोय. हजार यार्डांवरचं लक्ष्य, दुर्बीण, वाऱ्याची गणितं, सगळं तोंडपाठ. आता त्याला तीन लाखांची रायफल हवीय आणि यातच करिअर करायचंय. स्वप्नील कुसाळेला पदक मिळाल्यापासून त्याच्या वडिलांचाही विरोध मावळलाय. मुलाला दीड नंबरचा चष्मा आहे. हे शिकायचं कुठे, सुरुवात कशी करायची, आणि बारावीचं काय?
– एक आई, कराड

उत्तर : नमस्कार ताई. रायफल आत्ता घेऊ नका. निदान सहा महिने तरी नाही. सोळाव्या वर्षी मुलाची उंची, खांदे, हात अजून वाढत असतात आणि मॅच रायफलचा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग), गालाचा टेकू, हाताखालचा रेस्ट हे सगळं अंगाच्या मापानं बसवावं लागतं. क्लबच्या रायफलवर शिकल्याशिवाय आपल्याला काय हवंय हे त्यालाच कळणार नाही. दुकानदार मात्र पहिल्याच दिवशी सांगेल.

दुसरी गोष्ट मुलाला थोडी कडू लागेल. दुर्बीण लावून हजार यार्डांवर मारायची हौस रोज भागवता येईल अशी रेंज तुमच्या आसपास नाही, आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतही नाही. तिथे डोळ्याजवळ बारीक भोकाची डायऑप्टर साइट आणि नळीच्या टोकाला गोल रिंग, एवढंच. आपल्याकडची वाट ठरलेली आहे : १० मीटर एअर रायफल, त्यानंतर ५० मीटरची पॉइंट टू-टू (०.२२ इंची काडतुसाची रायफल), आणि तिथून पुढे गेलाच तर ३०० मीटरची बिग बोअर, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल.

दहा मीटर म्हणजे पोरखेळ, असं तो म्हणेल. त्याला एक हिशोब करायला सांगा. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. पेलेट (शिशाचा छर्रा) साडेचार मिलिमीटरचं, आणि त्याची कडा वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पण आता गुण दशांशात मोजतात. देशातल्या वरच्या फळीत यायचं तर ६० गोळ्यांत ६३० च्या आसपास लागतात, म्हणजे सरासरी १०.५. साडेदहा म्हणजे केंद्रापासून सव्वा मिलिमीटर. हाच कोन हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेला तर तो साडेअकरा सेंटिमीटर होतो. तेही उभं राहून, टेकू नाही, स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) नाही, ७५ मिनिटांत साठ वेळा. व्हिडिओतले लोक बहुतेक वेळा पोटावर झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा स्टँड) आणि मागे वाळूची पिशवी लावून मारतात. ते सोपं आहे असं मी म्हणत नाही. तिथे वाऱ्याचं आणि गोळीच्या घसरणीचं गणित अवघड असतं. पण शरीर स्थिर ठेवणं आणि ट्रिगर स्वच्छ सोडणं ही विद्या दहा मीटरवर जितकी उघडी पडते तितकी दुसरीकडे नाही. इथे वारा नसतो, त्यामुळे सबबही नसते.

आता तो नेमकं काय शिकेल ते सांगतो, म्हणजे प्रशिक्षक बरोबर शिकवतोय की नाही हे तुम्हालाही कळेल.

पहिले दोन-तीन आठवडे गोळीपेक्षा उभं राहण्यातच जातात. उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याकडे डावी कंबर करून उभा राहतो. दोन पायांत साधारण खांद्यांइतकं अंतर. डावं कोपर कंबरेच्या हाडावर किंवा बरगड्यांना टेकतं, पाठ किंचित मागे झुकते आणि वळते. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. ते हाडांनी पेलायचं, स्नायूंनी नाही. स्नायू चार मिनिटांत थरथरायला लागतो. मुलगा जर "दंड दुखतोय" म्हणत घरी आला तर तो रायफल हातानं उचलून धरतोय असं समजा.

त्यानंतर येतो नॅचरल पॉइंट ऑफ एम, रेंजवर ज्याला सगळे एनपीए म्हणतात. माझ्या मते सगळ्या नेमबाजीचा हाच पाया, आणि नवशिके नेमका हाच टाळतात. पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं, डोळे उघडायचे. रायफल आता जिथे बघतेय तो शरीराचा खरा नेम. तो लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हातानं ढकलून उजवीकडे आणायचा नाही. मागचा पाय दोन-चार सेंटिमीटर सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटून बघायचं. नेम वर-खाली असेल तर पायांतलं अंतर किंवा डाव्या हाताखालचा रेस्ट बदलायचा. हातानं ढकललेली रायफल ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागी परत जायला बघते आणि नऊ बसतो. मुलगा म्हणतो, "मला तर दहाच दिसत होता." दिसत असणारच.

श्वास : बॅरल खाली येते तसा श्वास सोडत जायचा आणि अर्धा-अधिक सुटला की थांबायचं. थांबल्यापासून पाच ते आठ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. त्यापुढे डोळा थकतो, समोरचं चित्र स्थिर भासतं पण रायफल हललेली असते. अशा वेळी रायफल उतरवून पुन्हा सुरुवात करायची. हे उतरवणं शिकायला महिने लागतात, कारण आता सुटेल, आता सुटेल या आशेवर पोरं पंधरा सेकंद अडून राहतात.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा नेम येतानाच घ्यायचा, दुसऱ्यावर बोटाच्या पेराच्या गादीनं सरळ मागे, वाढता दाब. काळा ठिपका रिंगमध्ये मधोमध दिसला की "आता!" म्हणून ओढणं ही सर्वांत जुनी खोड. गोळी सुटल्यावरही दोन-तीन सेकंद साइटमधून बघत राहायचं, बोट तसंच दाबलेलं. पेलेटचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे लक्ष्य गाठायला त्याला सहा शतांश सेकंद लागतो. मान त्याआधीच स्क्रीनकडे वळवायची सवय लागली की पुढे ती गोळी नळीत असतानाच वळायला लागते.

सुरुवातीला गुण मोजूच नयेत. पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारावेत आणि ते वाचायला शिकावं. ग्रुप उभा लांबट झाला तर पहिला संशय श्वासावर. आडवा पसरला तर एनपीए किंवा तोल. चार गोळ्या एकत्र आणि एक उजवीकडे खाली, तर उजव्या हाताच्या नेमबाजानं ट्रिगर हिसकला. दोन वेगळे पुंजके, तर मधे गाल उचलला आणि परत वेगळ्या जागी टेकवला. रायफल कलती धरली तर गोळी कलल्या बाजूला आणि किंचित खाली जाते. रोज सारखाच कल असेल तर हरकत नाही, प्रत्येक गोळीला वेगळा असेल तर साइटचे क्लिक (नेम सरकवायचे बारीक टप्पे) फिरवून काही उपयोग नाही. ग्रुप लहान झाल्यावर तो साइटच्या क्लिकनं मधोमध आणायचा, त्याआधी साइटला हात लावायचा नाही. आणि पेलेटचं डोकं ४.४९ चं घ्यावं की ४.५० चं, ही चर्चा पहिल्या वर्षी मनोरंजन म्हणूनच ठीक.

पुढची रिंग नवशिके फार लहान घेतात. लहान रिंगमध्ये ठिपका सतत कडेला शिवताना दिसतो, मुलगा घाबरून गोळी सोडतच नाही. भोवती पांढरी जागा भरपूर दिसेल अशी मोठी रिंग घ्या.

आठवड्यातून चार दिवस रेंज, दर वेळी ४० ते ६० गोळ्या, आणि रोज वीस मिनिटं कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबायचा सराव. पहिल्या वर्षाला एवढं पुरे. ड्राय फायरिंगची सोय असलेलीच रायफल वापरावी, आणि त्या खोलीत पेलेटचा डबा नसावा.

आता त्याच्या आवडीचा भाग. ५० मीटरवर नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पोटावर झोपून) आणि स्टँडिंग (उभं राहून) अशा तीन पोझिशन, प्रत्येकी २० गोळ्या. कुसाळेनं पॅरिसला याच प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं. प्रोनमध्ये स्लिंग दंडाला बांधतात; ती नेमकी धमनीवर आली की साइटमध्ये नाडीचे ठोके उडताना दिसतात, मग पट्टा वर किंवा बाहेर सरकवावा लागतो. उजवा गुडघा थोडा वर ओढला की पोट जमिनीवरून सुटतं आणि श्वास रायफल हलवत नाही. पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी झाला तर नियमभंग. आणि इथे वारा येतो. पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास जाते. सेकंदाला एक मीटरचा आडवा वारासुद्धा तिला ५० मीटरवर पाच-सहा मिलिमीटर ढकलतो. लक्ष्यावरच्या दोन वर्तुळांत अंतर आठ मिलिमीटरचं. गालाला वारा लागलेलाही कळणार नाही, इतक्यात नऊ. रेंजवर १० आणि ३० मीटरला झेंड्या असतात. जवळच्या झेंडीकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण सुरुवातीला मिळालेला धक्का गोळी शेवटपर्यंत वाहून नेते. दर वेळी क्लिक बदलण्यापेक्षा एक ठरावीक वारा निवडून तो परत येईपर्यंत थांबणं बहुतेकांना जास्त जमतं. तुमच्या मुलाला हजार यार्डांचं जे गणित पाठ आहे ते हेच. फक्त इथे ते झेंडी बघून, घड्याळ चालू असताना करायचं.

कायद्याचं थोडक्यात : साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र. त्याच्या परवान्याचं सर्वसाधारण वय २१; त्याआधी खेळाडूला प्रशिक्षणासाठी क्लबच्या देखरेखीखाली वापरता येतं. घरी घेऊन फिरायची गोष्ट नाही ती.

चष्म्याची चिंता सोडा. नंबर सुधारून मारायला पूर्ण परवानगी आहे, खास शूटिंग फ्रेमही मिळते. तपासायचं ते वेगळंच. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधल्या छोट्या फटीतून लांबची वस्तू बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्यानं वस्तू फटीत टिकते तो त्याचा प्रमुख डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर हे पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगा. दुसरा डोळा आवळून मिटू नये. त्यावर अर्धपारदर्शक पट्टी लावतात.

करिअरचा प्रश्न मी गोड करून सांगणार नाही. कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पदक २०२४ मध्ये आलं. मधली बरीच वर्षं मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाच्या नोकरीनं घर चाललं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, तिचं पहिलं ऑलिंपिक टोकियोला, चाळिशीत. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ चा जगज्जेता, देशासाठी ऑलिंपिकचा कोटा (संघातली जागा) त्यानंच मिळवला, पण निवड चाचण्यांनंतर पॅरिसच्या संघात दुसरे गेले. हे त्याला आजच माहीत असू दे.

पण पदकाच्या खालीही पायऱ्या आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदलं खेळाडू घेतात, आणि मध्य प्रदेशात महूला लष्कराचं स्वतंत्र मार्क्समनशिप (नेमबाजी) युनिट आहे. मात्र कुठल्याही स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. स्पर्धा आणि संघटना मान्यताप्राप्त हवी, आणि आरक्षणासाठी क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी होते. क्लबच्या नावानं "ओपन नॅशनल" लिहिलेली रंगीत प्रमाणपत्रं यात कामाला येत नाहीत. राज्य स्पर्धा, मग जी. व्ही. मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, हा क्रम धरा; दर टप्प्याला किमान पात्रता गुण असतात. कॉलेजात एनसीसी असेल तर जरूर घ्यावी, तिथे पॉइंट टू-टू हाताळायला मिळते.

बारावी सोडायचं कारण नाही. सरावाला दिवसाला दोन तास लागतात, आठ नाही. मान्य स्पर्धा खेळला तर बोर्डाचे वाढीव गुणही मिळू शकतात. राज्य पातळीचे गुण यायला लागले की रायफलचा विचार करा. जॅकेट, ट्राउझर, बूट मात्र त्याआधी, कारण ते दुसऱ्याचे बसत नाहीत.

सातारच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन मान्यताप्राप्त क्लबांची यादी घ्या. कोल्हापूरची दुधाळी रेंज एकदा दाखवून आणा, पण रोजच्या सरावाला जवळचीच बघा. पहिल्या भेटीत मुलाला बाजूला बसवा आणि दोन गोष्टी पाहा : फायरिंग थांबल्यावर प्रत्येक रायफलीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी खूण) घातला जातो का, आणि फायरिंग लाइनच्या पुढे कुणी जाण्याआधी प्रशिक्षक मोठ्यानं विचारून खात्री करतो का. दोन्हींपैकी एक जरी दिसलं नाही, तर फी न भरता परत या.