वीस वर्षांहून जुनी पोर्शे बॉक्स्टर घेतली तर पार्ट आणि डीलरची सर्व्हिस मिळेल का?

तुम्ही २००१ ची बॉक्स्टर बघून ठेवली आहे आणि विचारलंय की इतक्या जुन्या गाडीचे पार्ट मिळतील का, कंपनीचा डीलर तिला हात लावेल का, आणि प्रत्येक कामासाठी त्याच्याकडेच जावं लागेल का. मी याच पिढीची, म्हणजे ९८६ बॉक्स्टर बरीच वर्षं चालवतोय, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

पार्ट मिळतात. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, सेन्सर, इंजिनाचे नेहमी लागणारे पार्ट यांची चिंता सोडा. जीव जातो तो रबर, आतलं प्लॅस्टिक, सीटचं विशिष्ट रंगाचं कापड आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्यासाठी. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाइतकंच लक्ष डॅशबोर्डची बटणं, दरवाजांची रबरी पट्टी आणि घडी होणाऱ्या कापडी छताकडे द्या. घासलेले ब्रेक पॅड कधीही बदलता येतात, पण तुटलेल्या झाकणाच्या जागी तुमच्या गाडीच्या रंगातलं दुसरं शोधायला महिने जातात.

९८६ ही १९९६ ते २००४ या काळात बनली. पोर्शेच्याच ९११ या मॉडेलच्या त्याच काळातल्या ९९६ पिढीशी तिचा पुढचा भाग जवळजवळ सारखा आहे: बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, सुरुवातीच्या गाड्यांचे हेडलाइटही. इंजिनंही एम९६ या एकाच घराण्यातली. ९११ चे मालक गाडी सहजासहजी भंगारात काढत नाहीत, मागणी टिकून राहते, आणि त्याचा फायदा आपल्याला होतो. शिवाय जुन्या मॉडेलांचे पार्ट पुरवणारा पोर्शे क्लासिक नावाचा कंपनीचा स्वतंत्र विभाग आहे. माझं मत असं झालंय की जुन्या गाडीचा पार्ट मिळणं न मिळणं हे तिच्या वयापेक्षा तो पार्ट आणखी किती गाड्यांना बसतो यावर ठरतं.

इग्निशन स्विचचंच घ्या. या गाड्यांत हमखास होणारा त्रास: गाडी सुरू होते पण ब्लोअर किंवा वायपर मरतो, किंवा चावी काढताना अडकते. बिघडतो तो स्विचच्या मागचा छोटा इलेक्ट्रिकल भाग. काउंटरवर नुसतं 'इग्निशन स्विच' म्हणालात तर कुलपासकट अख्खी असेंब्ली पुढे येण्याची शक्यता जास्त. पण हा मागचा भाग ऑडी-फोक्सवॅगनच्या गाड्यांत वापरलेलाच आहे, आणि त्यांच्या नावाने तो एकटा मिळतो. दोन बारीक स्क्रू सैल केले की जुना निघतो, नवा बसतो. हात घालायला जागा अडचणीची आहे एवढंच.

म्हणून पार्टच्या नावाने नाही, नंबराने मागायची सवय लावा. पोर्शेच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे बहुतेक वेळा सुधारणा दाखवतात. कूलंटच्या टाकीच्या झाकणाचा नंबर आधी ०० वर संपायचा, सुधारत सुधारत तो ०४ पर्यंत आला. तुमच्या गाडीवर जुनं झाकण असेल आणि कूलंट कमी होत असेल तर टाकी बदलण्याआधी झाकण बदला. आणि कोणी 'हा नंबर बंद झाला' म्हणालं तर लगेच विचारा, 'याच्या जागी नवा नंबर कुठला आलाय?' अर्ध्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. सोबत सतरा अंकी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ठेवा, कारण काही पार्ट वर्षाच्या मध्येच बदललेले आहेत. पुढच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला कारखान्यातून आलेल्या ऑप्शनचे कोड छापलेलं स्टिकर असतं. त्याचा फोटो फोनमध्ये हवाच. ते फाटलं असेल तर सर्व्हिस बुकमध्ये बघा.

पार्ट बनवणारे मूळ पुरवठादारही लक्षात ठेवा. बरेच सेन्सर बॉशचे, क्लच साक्सचा. त्यांच्या खोक्यात तोच दर्जा मिळतो. अनोळखी नावाचा स्वस्त सेन्सर मात्र घेऊ नका; नंतर दोष गाडीत आहे की सेन्सरमध्ये हेच कळेनासं होतं.

आता डीलर. माझं स्पष्ट मत: रोजच्या कामासाठी या पिढीवर हात बसलेला स्वतंत्र मेकॅनिक शोधा, आणि डीलरला त्याच्याच ताकदीच्या कामांसाठी राखून ठेवा. डीलरकडचे बरेच तरुण तंत्रज्ञ ही गाडी क्वचितच बघतात. त्यात त्यांची दोष देण्यासारखी चूक नाही, पण शिकण्याचे तास तुमच्या बिलात लागतात. शिवाय तिथे दुरुस्तीपेक्षा असेंब्ली बदलण्याकडे कल असतो. मला एका सर्व्हिस काउंटरवर छताची अख्खी यंत्रणा बदलायला सांगितली होती; तुटली होती ती छत ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी. ती वेगळी मिळते.

पण चावी आणि इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा, यांचं काम डीलरचंच. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बॉक्स्टरमध्ये बराच महागात पडणारा आणि तरीही सहज टळणारा बिघाड हाच आहे. इमोबिलायझरचं मॉड्यूल सीटखाली, गालिच्याखाली, फरशीला लागून बसवलंय. छत घडी होऊन जिथे बसतं त्या खाचेत दोन्ही बाजूंना पाण्याच्या निचऱ्याची भोकं आहेत. पानं-धूळ साचून ती तुंबली की पावसाचं पाणी आत उतरतं, गालिचा भिजतो आणि मॉड्यूल पाण्यात बसतं. मग सेंट्रल लॉकिंग वेड्यासारखं वागतं आणि एक दिवस गाडी सुरूच होत नाही. नवं मॉड्यूल गाडीशी जुळवायला कंपनीकडचे कोड आणि डीलरचं पिविस हे उपकरण लागतं. गाडी बघताना सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा, ओला किंवा कुबट वाटला तर किंमत ठरवायच्या आधी हा विषय काढा. घेतल्यावर ती भोकं पावसाळ्याआधी साफ करत जा.

एम९६ इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगबद्दल, म्हणजे आतल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगबद्दल, तुम्ही वाचलंच असेल. ते निकामी झालं तर इंजिन जातं, हे खरं आहे. घाबरून गाडी सोडू नका, पण आधी बदललंय का याचं बिल मागा. बदललं नसेल तर क्लचच्या कामासोबत करून घ्या. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तेव्हाच क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सीलही बघून होतो. हे काम आधी केलेल्या माणसाकडेच द्या, मग तो डीलर असो वा नसो.

२००२ पर्यंतच्या मॉडेलांना मागची काच प्लॅस्टिकची असते, म्हणजे तुमच्या गाडीलाही. ती पिवळी पडते, थंडीत घडी केली तर चिरते. त्यासाठी अख्खं छत बदलायची गरज नाही, छताचं काम करणारे कारागीर तेवढीच बदलून देतात.

डीलरकडे पहिली चक्कर गाडी घेण्याआधीच मारा. चालू मालकाला सोबत घेऊन चेसिस नंबरावर तिथल्या नोंदी आणि बाकी राहिलेले रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी परत बोलावलेली कामं) तपासायला सांगा, चाव्या किती नोंदवल्यात तेही विचारा. दोन चाव्यांची नोंद असेल आणि मालकाकडे एकच असेल, तर दुसरी कुठे गेली याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.