ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीवरचं 'सेरामपूर' म्हणजे नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर का? (प्रश्न जालन्याहून)

नाही. जालन्याहून श्रीरामपूर जवळ, म्हणून ही गल्लत होते. हे गाव बंगालमध्ये, हुगळीकाठी. बंगालीत त्याचंही नाव श्रीरामपूरच.

1818 साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी तिथं कॉलेज काढलं, सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून 1827 मध्ये पदव्या देण्याची सनद मिळाली ती डॅनिश राजा सहाव्या फ्रेडरिककडून. 1845 ला गाव इंग्रजांना विकलं गेलं, पण करारात सनद शाबूत राहिली. हा मुद्दा फार मोलाचा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तरी बी.डी.ची (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे धर्मशास्त्राची) पहिली पदवी मिळायला 1915 उजाडलं. 1918 च्या कायद्यानं सिनेट (पदव्यांचा कारभार पाहणारं मंडळ) आलं आणि बाहेरची कॉलेजंही जोडता येऊ लागली.

म्हणून शिक्षण पुण्यात होतं, पदवी मात्र सेरामपूरच्या सिनेटची. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (धर्मशास्त्राचं कॉलेज) अशीच संलग्न. ती 1953 ला यवतमाळात सुरू झाली, 1983 ला पुण्यात गेली. प्रवेशाआधी एवढं विचाराच: कॉलेज नव्हे, तुमचा अभ्यासक्रम संलग्न आहे का?

आणि हो, कॅरींचा 1810 चा मराठी कोश सेरामपूरलाच छापला, मोडीच्या खिळ्यांनी.